‘आमचे’ आणि ‘आपले’ : लाल बावटा कलापथकाच्या वारशाचा वाद

लाल बावटा कलापथकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे साधनांच्या दुर्मिळतेपेक्षाही एक निराळी अडचण उभी राहते. या पथकाविषयी जे बोलले जाते ते बहुधा पथकाविषयी नसतेच. ते अण्णाभाऊ साठे यांच्याविषयी असते, क्वचित अमर शेख यांच्याविषयी असते, आणि द. ना. गव्हाणकर यांच्याविषयी तर नावापलीकडे फारसे काही कानी येत नाही. त्यांचे आडनाव कोठे ‘गव्हाणकर’ तर कोठे ‘गवाणकर’ असे छापलेले आढळते, आणि या लेखनभेदाकडे कोणी लक्ष दिल्याचे दिसत नाही. ज्या पथकाने आपल्या नावात कोणाही व्यक्तीचे नाव घातले नाही, त्याची स्मृती आज केवळ व्यक्तिनामांच्या आधाराने टिकून आहे. हे असे का झाले, आणि या पथकाच्या चाहत्यांमध्ये जो वाद अद्याप चालू आहे त्याचे मूळ कोठे आहे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे. तो भाषाभ्यासकाचा प्रयत्न असल्यामुळे इतिहासकारांना त्यात विभक्तिप्रत्ययांची चर्चा जरा अधिक वाटेल. तिला इलाज नाही.

वादाचा प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या समोरच घडला, म्हणून तो आधी सांगतो. माझे वास्तव्य माण येथे आहे. मुळशी तालुक्यातील हे गाव हिंजवडीस लागून असून तेथील संगणक-उद्योगांच्या इमारती माणच्या शिवारात येऊन पोहोचल्या आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत निवृत्त झालेली माणसे येथे मुलांच्या बिऱ्हाडी येऊन राहतात. आणि मराठवाड्यातून कामासाठी आलेली तरुण माणसे खोल्या भाड्याने घेऊन राहतात. काही वर्षांपूर्वी १ ऑगस्टच्या सायंकाळी एका वस्तीत अण्णाभाऊंच्या जयंतीनिमित्त ध्वनिक्षेपकावर ‘माझी मैना’ लागली होती. गाणारा अलीकडचा कोणी गायक होता. चहाच्या टपरीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “ही मैना अमर शेखांची. तो आवाज ज्याने ऐकला त्याला हे पटायचे नाही.” त्यांचे बालपण परळच्या चाळीत गेले होते, वडील गिरणीत होते, आणि स्वतः त्यांनी चिंचवडच्या एका कारखान्यात उमेद घालविली होती. शेजारी बीड जिल्ह्यातील एक तरुण रखवालदार उभा होता. तो आदराने परंतु ठामपणे म्हणाला, “आजोबा, मैना अण्णाभाऊंची. पुस्तकात आहे.” बोलणे वाढले. तरुण म्हणाला, “अण्णाभाऊ आमचे आहेत.” वृद्ध गृहस्थ म्हणाले, “अरे बाळा, आमचे कशाला? आपले म्हण.” त्यावर तरुणाने जे विचारले त्याला त्या टपरीवर कोणाजवळही उत्तर नव्हते. तो म्हणाला, “आपले म्हणणारे तेव्हा कुठं होते?”

या चार वाक्यांत सारा वाद आहे. तो समजून घेण्यासाठी पथकाचा वृत्तान्त थोडक्यात ध्यानी घेतला पाहिजे.

कलापथकाची स्थापना १९४४ सालची. मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन ही संस्था त्याच्या आदल्याच वर्षी निघाली होती, आणि गिरणगावात कम्युनिस्ट पक्षाचे बळ वाढत होते. ‘लाल बावटा’ हे शब्द मुंबईच्या कामगाराला नवे नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपातून पुढे आलेली गिरणी कामगार युनियन त्याच नावाने ओळखली जाई. पथकाचे तिघे प्रमुख तीन दिशांनी आले होते. अण्णाभाऊ, म्हणजे तुकाराम भाऊराव साठे, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात झाला. शाळेचा संबंध नाममात्र. कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबई गाठली आणि मिळेल ते काम केले. अमर शेख, म्हणजे मेहबूब हुसेन पटेल, हे बार्शीचे. जन्म १९१६. तेथील गिरणीत त्यांनी मजुरी केली, संपात भाग घेतला, तुरुंग पाहिला. आईच्या तोंडच्या ओव्या आणि लोकगीते ही त्यांची गाण्यातली पहिली शाळा. गव्हाणकर हे स्वतः रचना करणारे आणि गाणारे शाहीर होते. ‘स्तालिनग्राडचा पवाडा’, ‘बंगालची हाक’, ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’, ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ ही अण्णाभाऊंच्या पवाड्यांची नावे वाचली तरी त्या दशकाचा पट डोळ्यांपुढे उभा राहतो.

रूपाच्या दृष्टीने या मंडळींनी जे केले ते तमाशाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. गणात गणपतीचे स्तवन होते. त्याच्या जागी मातृभूमी, श्रमिक आणि हुतात्मे यांना वंदन आले. गौळण गळली. वग राहिला, सोंगाड्या राहिला, आणि राजा-प्रधानाच्या जागी शेटजी, मंत्री, जमीनदार आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ हे वग या पालटाची उदाहरणे होत. १९४८ मध्ये मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि त्याच सुमारास कम्युनिस्टांवर सुरू झालेल्या कारवाईचा फटका पथकालाही बसला. ‘तमाशा’ हा शब्द अडचणीचा झाल्यावर ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ झाला. त्या रूढीत अण्णाभाऊंचा वाटा मोठा मानला जातो. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ पासून १९६० पर्यंत या शाहिरांचे गळे आणि लेखण्या सभांच्या अग्रभागी होत्या. तो इतिहास सर्वश्रुत आहे. येथे त्याचा विस्तार करीत नाही.

मला थांबावयाचे आहे ते ‘कलापथक’ या शब्दापाशी. गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहासाठी मराठीत आधीच अनेक शब्द होते. तमाशाचा तो फड, वाजंत्र्यांचा तो ताफा, नाटकाची ती मंडळी. फडाला धनी असतो, आणि फडाचे नाव धन्याच्या नावानेच चालते. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेल्यावर लागणारे नारायणगाव हे तमाशाचे मोठे ठाणे. गावजत्रांच्या सुपाऱ्या तेथील राहुट्यांत ठरतात. तेथील प्रसिद्ध फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाचा. भाऊंच्या कन्या विठाबाई थोर कलावंत झाल्या, तरी त्यांच्या नावात वडील, जात आणि गाव ही तिन्ही राहिली. फडाचे नाव ही अशी एक वंशावळ असते. ‘पथक’ हा शब्द मात्र लष्करी. पथकाला नायक असतो, धनी नसतो. तुकडीतला एक पडला तर दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, आणि पथकाचे नाव तेच राहते. राष्ट्र सेवा दलाच्या समाजवादी मंडळींनीही आपल्या समूहासाठी हाच शब्द वापरला, यावरून त्या दशकाची वृत्तीच त्यात उमटली होती असे म्हणावयास हरकत नाही. धन्याच्या नावावाचून समूह उभा करावा, ही ती वृत्ती.

सन १९६९ ने या शब्दाची परीक्षा घेतली. १८ जुलै रोजी अण्णाभाऊंचे मुंबईत निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार-अपघातात अमर शेख गेले. पथक त्यापूर्वीच विस्कळित झाले होते. १९६४ मध्ये पक्षही दुभंगला होता. तरीही तिघांपैकी दोघे एकाच पावसाळ्यात गेल्यावर चाहत्यांच्या मनात जो प्रश्न आला तो ‘पथकाचे पुढे काय?’ असा नव्हता. ‘मोठा कोण?’ आणि ‘कोणाचा?’ असा होता.

या प्रश्नाला काळाने जे उत्तर दिले त्याचे एक कारण अगदी ऐहिक आहे, आणि वादाच्या भरात ते विसरले जाते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव असते, आवाजावर नसते. अण्णाभाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या आणि विपुल कथा लिहिल्या. १९५९ च्या ‘फकिरा’ला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. हे सर्व ग्रंथालयात राहिले. अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रहही आहेत, परंतु त्यांची कीर्ती गळ्याची होती, मैदानाची होती, आणि मैदान उठले की ती ऐकणाऱ्यांच्या स्मरणावर अवलंबून राहते. हे ऐकणारे बहुतांशी गिरणगावात होते. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले आणि ऐकणारे पांगले. काही कोकणात गेले, काही घाटावर, काही आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात आले. माणच्या टपरीवरचे गृहस्थ अशा पांगलेल्या श्रोतृवर्गाचे एक शेष होत.

अण्णाभाऊंच्या बाबतीत याच्या उलट घडले. दलित साहित्याची चळवळ उभी राहिली आणि १९५८ च्या मुंबईतील दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करणाऱ्या या लेखकाकडे नवी पिढी पूर्वज म्हणून पाहू लागली. १९८५ मध्ये मातंग समाजाच्या विकासासाठी त्यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले. १९९८ मध्ये शासनाने त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले, २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. पिंपरी-चिंचवडमध्ये निगडी येथे त्यांचा पुतळा असून तेथे १ ऑगस्टला लोक मोठ्या संख्येने जमतात. अमर शेखांच्या नावाला असा समाज लाभला नाही. जन्माने मुसलमान, वृत्तीने कम्युनिस्ट, वाणीने अस्सल बार्शीकर, अशा माणसाला ‘आमचा’ म्हणावयास कोणाची मिरवणूक निघावी? घेतलेले नावच त्यांच्या घराण्याचे नाव झाले, ते कन्या मलिका अमर शेख यांच्या रूपाने मराठी कवितेत राहिले.

आता टपरीवरच्या पहिल्या दोन वाक्यांकडे येऊ. ‘मैना अमर शेखांची’ आणि ‘मैना अण्णाभाऊंची’. दोघेही भांडत होते, परंतु एकाच गोष्टीविषयी नव्हे. पाणिनीने षष्ठीचा अर्थ सांगताना, इतर विभक्तींनी सांगून उरतात ते सर्व संबंध तिच्याकडे सोपविले. मराठीचा ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय तर त्याहूनही उदार आहे. तुकारामाचा अभंग म्हणजे तुकारामाने रचलेला. भीमसेन जोशींचा अभंग म्हणजे त्यांनी गाइलेला. वारकऱ्यांचा अभंग म्हणजे जो त्यांच्या नित्यपाठात आहे तो. तिन्ही ठिकाणी प्रत्यय एकच, आणि एकच अभंग एकाच वेळी तिघांचाही असू शकतो. आपणास त्यात विरोध वाटत नाही, कारण तेथे कोणी वारसाहक्क सांगावयास आलेले नाही. ‘मैना’ अण्णाभाऊंची आहे, कारण शब्द त्यांचे आहेत. ज्यांच्या कानात ती अमर शेखांच्या गळ्यातून शिरली त्यांच्यापुरती ती त्यांची आहे. आणि मागे झील धरणाऱ्यांची, ढोलकी-तुणतुणे वाजविणाऱ्यांची ती नाही असे कोणत्या व्याकरणाने म्हणता येईल? ‘वारसा’ या शब्दाने हा उदार प्रत्यय संकुचित केला. हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने, कचेरीतून आला. त्यात मिळकत गृहीत आहे, वारस गृहीत आहेत, आणि म्हणून वाटणीही गृहीत आहे.

नवल असे की, ज्या रचनेवरून हा वाद झाला तिचा विषयच ‘कोणाची?’ हा आहे. मुंबईला पोटासाठी आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची कारभारीण यांच्या ताटातुटीची ही छक्कड आहे. शेवटी ती ताटातूट खंडित महाराष्ट्राची होते, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या तुटलेल्या मुलखांवर दुसऱ्यांची मालकी लागल्याचे दुःख तिच्यात येते. लढ्याचा मुख्य प्रश्नही ‘मुंबई कोणाची?’ असाच होता. तेथेही षष्ठीच होती. मुंबई भांडवलवाल्यांची, की ती घडविणाऱ्या कामगारांची? शाहिरांनी या प्रश्नाचे उत्तर श्रमाच्या बाजूने दिले. पथकाच्या वारशाचा प्रश्न सोडविताना तीच कसोटी लावावी, तर ‘मैने’वर श्रम करणारे तीनच नव्हते, कितीतरी अधिक होते.

अशा जोडकर्तृत्वाचा वाद अन्यत्रही झाला आहे. इंग्लंडच्या बीटल्स या प्रख्यात वाद्यवृंदातील जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी आपापली गीते दोघांच्या संयुक्त नावाने प्रसिद्ध करण्याचे ठरविले होते. १९६३ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर मॅकार्टनीचे नाव आधी होते. त्याच वर्षी क्रम उलटला आणि ‘लेनन–मॅकार्टनी’ हा द्वंद्व रूढ झाला. ८ डिसेंबर १९८० रोजी लेननची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली. त्यानंतर कोणते गीत वस्तुतः कोणाचे याची चाहत्यांनी ओळीओळींनी छाननी आरंभिली, आणि २००२ मध्ये मॅकार्टनीने एका ध्वनिमुद्रिकेवर आपले नाव पुढे घेतले तेव्हा लेननच्या पत्नीने हरकत घेतली. द्वंद्व समासात कोणते पद आधी यावे, हा आपल्या वैयाकरणांनाही पडलेला प्रश्न आहे. पाणिनी म्हणतो, थोड्या स्वरांचे पद आधी. कात्यायन त्यात भर घालतो की अधिक पूज्य असेल ते आधी. लंडनच्या वकिलांना कात्यायन ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु भांडण त्याच नियमाचे होते. आपल्या तीन शाहिरांची नावे आज लिहिताना बहुधा अण्णाभाऊ आधी येतात, अमर शेख मागून, आणि गव्हाणकर अखेरीस. लेनन-मॅकार्टनींना निदान कागद होता. कलापथकापाशी तोही नव्हता; त्यांचा करार ‘पथक’ या एका शब्दात होता.

येथवरचे विवेचन वाचून कोणास वाटेल की प्रस्तुत लेखक वृद्ध गृहस्थांच्या बाजूचा आहे. तसे नाही. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे दोन प्रकार आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो धरला जातो. हा भेद हिंदीत अशा रीतीने नाही, इंग्रजीत नाही. द्राविडी भाषांत तो ठळक आहे, आणि मराठीत तो त्यांच्या सहवासाने दृढ झाला असे अनेक अभ्यासक मानतात. वृद्ध गृहस्थ तरुणास म्हणाले, ‘आपले म्हण.’ हे औदार्य आहे, यात शंका नाही. परंतु ‘आपले’ हा शब्द कोणी कोणास उच्चारावयास सांगावा, यालाही इतिहास आहे. अण्णाभाऊंच्या हयातीत मराठी समीक्षेने त्यांच्याकडे बव्हंशी पाठ फिरविली होती. ‘फकिरा’ला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, हा अपवाद म्हणूनच लक्षात राहतो. ज्याला वाङ्मयाच्या ‘आपल्या’त जागा मिळाली नाही त्याला त्याच्या माणसांनी ‘आमचे’ म्हणून उचलले, जपले आणि पुतळ्यापर्यंत नेले. तो ‘आमचे’ आधीचा नाही. ‘आपले’ने केलेल्या वगळणुकीला दिलेले ते उत्तर आहे. म्हणून ते अनैतिहासिक ठरविण्याचा अधिकार निदान विद्यापीठीय विद्वानांना नाही.

पक्षाचे आणि आंबेडकरी विचाराचे जे दुहेरी दावे अण्णाभाऊंवर सांगितले जातात, त्यांच्या बाबतीतही एक बाजू खोटी पाडण्याचा हव्यास धरू नये असे मला वाटते. ‘फकिरा’ १९५९ मध्ये बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण झाली, आणि १९६१ मध्ये तेच अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाचा प्रवास करून आले व त्याचे वर्णन त्यांनी आपुलकीने लिहिले. दोन वर्षांच्या अंतरातील या दोन कृती एकाच माणसाच्या आहेत. त्यांतील एक निवडून दुसरी झाकणे ही चरित्रकाराची सोय होईल. चरित्र होणार नाही.

मात्र ‘आमचे’ म्हणणाऱ्यांकडूनही एक गोष्ट निसटते, आणि तिची भरपाई करणे आता फार काळ शक्य राहणार नाही. अण्णाभाऊ एकटे उभे केले की त्यांची शाहिरी कादंबरीसारखी दिसू लागते. बंद खोलीत एकट्याने लिहिलेली. वस्तुतः ती समोरच्या हजारो श्रोत्यांच्या आणि शेजारच्या गळ्यांच्या हिशेबाने घडलेली आहे. कोणते पद कोणाच्या आवाजासाठी आले, झीलकऱ्यांना श्वास घेता यावा म्हणून ओळ कोठे तोडली, छापील पाठात आणि गाइलेल्या पाठात काय फरक पडला, हे कळल्यावाचून अण्णाभाऊंची रचनाकार म्हणून थोरवीही पुरती कळणार नाही. अमर शेख आणि गव्हाणकर यांना परत आणणे ते त्यांच्यासाठी जितके, तितकेच अण्णाभाऊंसाठी आहे.

या कामाची साधने तीन ठिकाणी आहेत. त्या काळी सभांतून विकल्या गेलेल्या पवाड्यांच्या आणि गीतांच्या पुस्तिका, ज्या घरोघरच्या पेट्यांत असू शकतात. पोलिसांच्या गुप्त वार्तापत्रांचे दप्तर, ज्यात सभेत कोण काय गाइले याची नोंद मिळण्याचा संभव आहे. आणि ऐकणारी माणसे. पहिल्या दोन साधनांना वाळवीपलीकडे भय नाही. तिसऱ्याचे तसे नाही. १९५६ मध्ये दहा वर्षांचा असलेला श्रोता आज ऐंशीच्या घरात आहे. आमच्या विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि या बाजूला माण-हिंजवडी येथे राहणाऱ्या जुन्या गिरणगावकरांच्या मुलाखती घ्याव्यात, आणि त्या घेताना ‘तुम्हाला अण्णाभाऊ आठवतात का?’ असे न विचारता ‘त्या रात्री काय काय झाले?’ असे विचारावे, अशी माझी सूचना आहे. प्रश्नातच नाव घातले की उत्तरात तेच नाव येते.

मी त्या दिवशी टपरीवर हीच चूक केली. वादात तिसरे नाव आले नाही हे ध्यानी येऊन मी वृद्ध गृहस्थांना विचारले, “आणि गव्हाणकर?” ते म्हणाले, “हो, होते ना.” तरुणाने ते नाव ऐकले नव्हते. त्याने ते मला पुन्हा उच्चारावयास सांगितले आणि ते कसे लिहितात, असे विचारले.